रुमाल आणि तसबीर

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'स 'मत्सराची शोकांतिका' म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे इतका रूढ आहे की त्याविषयी शंका घेणे कोणास अप्रस्तुतही वाटेल. तरीही आम्हांस ती घ्यावीशी वाटते. इंग्रजीतील एका शब्दास हाताशी आला तो प्रतिशब्द लावून आपण मोकळे झालो आणि मराठीने जपलेला एक भेद मात्र हरवून बसलो. दुसऱ्याचे बरे पाहवत नाही तो मत्सर. आपले आहे ते आपले राहील की नाही या भयाने मन पोखरते तो संशय. आम्ही राहतो त्या चिंताकीत, बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात, मराठीच्या जोडीला कन्नड आणि उर्दू नित्य कानांवर पडतात. कन्नडात मत्सरास 'होट्टेकिच्चु', म्हणजे पोटातील आग, म्हणतात. उर्दूत 'हसद' निराळा आणि 'शक' निराळा. बाजारात बसणारा माणूस जो भेद सहज पाळतो तो समीक्षेने का सोडावा, हे आम्हांस कळत नाही.

हा भेद लक्षात ठेवून नाटकाकडे पाहिले तर मत्सरी आहे तो इयागो. कॅसिओस मिळालेले पद त्यास सलते, कॅसिओच्या आयुष्यातील सहज सौंदर्यही सलते. ऑथेल्लो मत्सरी नाही. त्याच्या ठायी संशय उत्पन्न होतो, आणि तोही आपोआप होत नाही, करविला जातो.

या बाबतीत मराठी रंगभूमीपाशी एक असा पुरावा आहे की ज्याचा पुरेसा उपयोग आपण केलेला नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'अथेल्लो' मराठीत आणले. त्यानंतर गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच नाटकाचे 'झुंजारराव' हे रूपांतर १८९० साली केले आणि गणपतराव जोशी यांच्या अभिनयाने ते गाजले. याच देवलांनी तीन वर्षांनी, १८९३ साली, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे प्रहसन लिहिले. मोलिएरच्या १६६० च्या 'स्गानारेल'वरून मर्फीने १७६१ साली इंग्रजीत आणलेले नाटक त्याच्या मुळाशी आहे. त्यालाच पदांची जोड मिळून १९१६ साली, म्हणजे देवलांच्या निधनाच्या वर्षी, 'संगीत संशयकल्लोळ' अवतरले. एकाच लेखणीने पतीच्या संशयावर एक शोकांतिका आणि एक प्रहसन मराठीस दिले. (त्या प्रहसनात पुरुषांस महिन्यांची आणि स्त्रियांस नक्षत्रांची नावे देण्याची गंमत देवलांनाच सुचावी!)

दोहोंतील यंत्र एकच आहे. एक क्षुल्लक वस्तू हातातून निसटते आणि नको त्या हाती दिसते. एकीकडे रुमाल, दुसरीकडे तसबीर. मूर्च्छा आलेल्या रेवतीच्या हातून अश्विनशेटची तसबीर पडते, ती कृत्तिका उचलते, आणि बायकोच्या हाती परपुरुषाचे चित्र पाहून फाल्गुनराव पेटतो. स्वभावाने पाहिले तर फाल्गुनराव झुंजाररावाहून शतपट संशयी. संशय हेच जर विनाशाचे बीज असते तर कृत्तिकेचा मृत्यू ठरलेलाच होता. प्रत्यक्षात प्रेक्षक हसून हसून बेजार होतात. असे का व्हावे?

आमचे उत्तर असे की फाल्गुनराव ओरडतो. जे मनात येते ते बायकोच्या तोंडावर बोलतो, कृत्तिकाही उलट त्याच्यावरच आरोप करते, आणि शेवटी सारी मंडळी समोरासमोर आली की तसबिरीचा गुंता सुटतो. त्या घरात विश्वासू मित्राच्या वेषात वावरणारा इयागो नाही. ऑथेल्लो पुरावा मागतो तो इयागोपाशी, एमिलियेची उलटतपासणी घेतो ती निर्णय करून झाल्यावर, आणि ज्या कॅसिओवर सारा आरोप त्यास तर सारे घडून जाईपर्यंत एकदाही विचारीत नाही. डेस्डिमोनेस तो रुमाल मागतो, परंतु कशासाठी मागतो ते सांगत नाही. कॅसिओविषयीच्या आरोपाचा स्पष्ट शब्द तिच्या कानी पडतो तो मृत्यू शय्येशी येऊन उभा राहिल्यावर.

तिसऱ्या अंकातील तिसरा प्रवेश या दृष्टीने पुन्हा वाचावा. इयागो आरोप करीतच नाही. ऑथेल्लोचेच शब्द तो प्रश्नासारखे परत करतो, वाक्य अर्धे सोडतो, मनातले सांगण्याची सक्ती करू नये अशी विनंती करतो, एवढेच नव्हे तर संशयापासून जपावे असा उपदेशही तोच करतो. उरलेले वाक्य ऑथेल्लो स्वतः पूर्ण करतो, आणि स्वतः पूर्ण केलेल्या वाक्यावर माणसाचा विश्वास अधिक बसतो.

यावर लीव्हिस यांचा १९३७ मधील आक्षेप प्रसिद्ध आहे: ऑथेल्लो इतक्या लवकर बळी पडतो याचा अर्थ विष बाहेरून आलेच नाही, त्याच्या आत्मगौरवातच ते होते. या म्हणण्यात तथ्य आहे. एका प्रवेशात होणारे ते परिवर्तन खरोखर भयंकर वेगाचे आहे. परंतु हा वेग संशयाचा नसून विश्वासाचा आहे असे आम्ही म्हणतो. इयागोच्या प्रामाणिकपणावर ऑथेल्लोने आपली सारी बुद्धी गहाण टाकलेली आहे.

हे आम्ही अलिप्तपणे लिहू शकत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, आमच्या विश्वासातील एका सहकाऱ्याने एका तरुण शिक्षकाविषयी परीक्षा-शुल्काच्या हिशेबावरून अर्धे वाक्य उच्चारले आणि 'जाऊ द्या' म्हणून ते सोडून दिले. आम्ही ते सोडले नाही. लेखनिकास विचारले, शिपायास विचारले, दोन पालकांसही आडून विचारले. त्या शिक्षकास मात्र विचारले नाही. तो बदली मागून गेला. पुढे उन्हाळ्याच्या सुटीत कपाट हलविताना त्याची हिशेबवही मागे पडलेली सापडली. आकडे बरोबर होते. आम्ही त्यास पत्र लिहिले. उत्तर आले नाही, आणि ते यावे अशी अपेक्षा धरण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता. त्या सहकाऱ्यास त्या शिक्षकाकडील वरचा वर्ग हवा होता, हे त्याहूनही उशिरा ध्यानी आले. मत्सर त्याचा होता, संशय आमचा.

शेक्सपिअरने मूळ कथेत केलेले फेरफारही हेच सुचवितात. चिंथिओच्या १५६५ मधील इटालियन कथेत निशाणदार हा डिस्डिमोनेवर लुब्ध होऊन नाकारला गेलेला असतो, आणि रुमाल तो स्वतः चोरतो. शेक्सपिअरने नाकारलेल्या प्रेमाचे ते सोयीस्कर कारण काढून टाकले आणि चोरीही काढून टाकली. त्याच्या नाटकात नवऱ्याचे कपाळ दुखते म्हणून डेस्डिमोना रुमाल बांधू पाहते, तो अपुरा पडतो म्हणून ऑथेल्लोच तो दूर सारतो, आणि रुमाल खाली पडतो. सेवेच्या क्षणी पडलेला तो रुमाल उचलते एमिलिया आणि नवऱ्याच्या हाती देते.

एमिलियेविषयी टीकाकार बहुधा अखेरच्या अंकातील तिच्या धैर्याबद्दल लिहितात, आणि ते योग्यच आहे. प्राण देऊन ती सत्य बोलते. परंतु रुमाल कोठे पडला असेल, असे डेस्डिमोना तिला विचारते तेव्हा ती ठाऊक नसल्याचे सांगते. इयागोच्या साऱ्या कारस्थानाहून हे एक लहानसे असत्य आम्हांस अधिक बोचते, कारण तीत द्वेष नाही, कपटही फारसे नाही. केवळ नवऱ्याची मर्जी राखणे आहे. मोकळ्या तासाला दहावीच्या वर्गास ही कथा सांगत असता आम्ही येथपर्यंत आलो, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, तिला तर माहीत होतं की." वर्गात कोणी हसले नाही. पुढील तासाची घंटा झाली तरी ती मुलगी उभीच होती.