उरलेल्याचा की सगळ्याचा?

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे (इ. स. ११५०) कौतुक करताना आपण त्यातील भुंगे आणि कमळे यांच्यापाशीच थांबतो. शिक्षकाने मात्र त्यातील दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचावीत.

पहिल्यात कमळांच्या राशीचा तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि गुरूंसाठी ६ कमळे उरली. सगळे हिस्से मूळ राशीचेच. येथे 'इष्टकर्म' ही रीत उपयोगी पडते: सोयीची एखादी संख्या माना. ६० मानली तर २०, १२, १० व १५ जाऊन ३ उरतात. प्रत्यक्षात दुप्पट उरली, म्हणून कमळे १२०.

दुसऱ्यात यात्रेकरू निम्मे धन प्रयागला देतो. उरलेल्याचे दोन नवमांश काशीला, त्यातून उरलेल्याचा चौथा हिस्सा वाटेतील करापोटी आणि मग उरलेल्याचे सहा दशांश गयेला. शिल्लक ६३ निष्क. मूळ धन ५४०. येथे दर पायरीला 'पूर्ण' बदलते. सारा फरक 'उरलेल्याचा' या एका शब्दात आहे. वर्गात आपण रीत घोटून घेतो, हा शब्द नाही.

धानोऱ्याकडचे उदाहरण घेऊ. तेथे तेंदूपानांच्या हंगामात ७० पानांचे पुडके बांधतात आणि मजुरी पुडक्यांवर ठरते. समजा, एका घरातील पुडक्यांपैकी तिसरा हिस्सा आजीने बांधला, उरलेल्याचा चौथा हिस्सा ताईने आणि बाकीची १५० आईने. ६० मानल्यास २० जातात, मग ४० पैकी १० जातात, ३० उरतात. १५० ही ३० ची पाचपट, म्हणून पुडकी ३००. 'उरलेल्याचा' हा शब्द निसटला तर ६० मधून २० व १५ जाऊन २५ उरतात आणि उत्तर ३६० येते. तेही पूर्णांकच! उत्तर 'छान' आले म्हणून मूल निर्धास्त होते; हिशेबात मात्र ६० पुडक्यांचा, म्हणजे ४,२०० पानांचा फरक पडतो. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठीतला हा एक शब्द अडला, तर तो दोष गणिताचा मानावा काय?

इष्टकर्मालाही मर्यादा आहे. वरच्या गोष्टीत शेवटी १० पुडकी भिजून वाया गेली आणि १४० च उरली असे धरू. ६० मानून ३० मधून १० वजा केले तर २० उरतात. १४० ही त्याची सातपट, म्हणून उत्तर ४२०! हे चूक आहे. मानलेली संख्या बदलली की हिस्से त्या प्रमाणात बदलतात, वाया गेलेली १० पुडकी बदलत नाहीत. आधी ती परत मिळवून १५० करावीत, मगच पट काढावी. ही अट न सांगता रीत शिकवणे म्हणजे अर्धवट हत्यार हाती देणे होय.

उपाय साधा आहे. आलेले उत्तर गोष्टीत परत घालून पाहावे. ३६० मधून १२० गेली, २४० चा चौथा हिस्सा ६० गेला, उरली १८०. आईची तर १५० होती. चूक मुलाला स्वतःलाच सापडते. म्हणून गुण द्यायचेच असतील, तर या पडताळ्यालाही द्यावेत.