नरसाळ्यापाशी संपणारा धडा

मिश्रणे वेगळी करण्याचा धडा आला, की विलगकारी नरसाळे बाहेर निघते. रॉकेल आणि पाणी ओतायचे, थर पडू द्यायचे, तोटी उघडायची. प्रयोग सोपा आहे, स्वस्त आहे आणि घनतेतील फरक डोळ्यांना दाखवतो. तक्रार पुढची आहे. पुष्कळदा यालाच 'द्रावक निष्कर्षण' म्हणून धडा संपवला जातो. पण रॉकेल आणि पाणी मुळातच वेगळे असतात. निष्कर्षणात दुसरा द्रव आपण मुद्दाम घालतो. विरघळलेला पदार्थ दोन द्रवांत कसा वाटला जातो, हा तेथे खरा प्रश्न असतो.

एक उदाहरण पाहू. वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम व प्लुटोनियम काढण्यासाठी ट्रायब्युटिल फॉस्फेट हे सेंद्रिय फॉस्फरस संयुग केरोसीनसारख्या द्रवात सुमारे 30 टक्के मिसळून वापरतात. आपल्याकडे ट्रॉम्बे येथे 1960च्या दशकात ही पद्धत सुरू झाली. प्रारण आणि नायट्रिक आम्ल यांमुळे या संयुगाचे थोडे विघटन होऊन डायब्युटिल व मोनोब्युटिल फॉस्फॉरिक आम्ले तयार होतात. यांतील पहिले प्लुटोनियमला इतके घट्ट धरते, की ते परत पाण्यात उतरवणे अवघड होते. म्हणून ही आम्ले काढावीच लागतात. पण तिन्ही संयुगे एकाच द्रवात विरघळलेली. थर कोठून पडणार? मग तो द्रव सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुतात. आम्लांचे सोडियम क्षार बनून पाण्यात जातात. ट्रायब्युटिल फॉस्फेटमध्ये आम्लधर्मी हायड्रोजन नाही, म्हणून ते वरच्या थरात राहते व पुन्हा वापरता येते. नरसाळ्याने फक्त थर वेगळे केले. निवड रसायनाने केली.

धड्यात हिशेबही नसतो. समजा, पदार्थाचे द्रावकातील प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या तिप्पट राहते. 100 मिलि पाण्यातील पदार्थासाठी 100 मिलि द्रावक एकदाच वापरला, तर पाण्यात 25 टक्के पदार्थ उरतो. तोच द्रावक 50-50 मिलि असा दोनदा वापरला, तर 16 टक्केच. नववीच्या मुलालाही हे मांडता येईल.

कनिष्ठ महाविद्यालयात आयोडीनचे पाणी हेक्झेनबरोबर हलवून पाहावे (ज्योत दूर ठेवून, मधूनमधून वाफ सोडून). जांभळा रंग वर जातो. हायपोचे द्रावण घालून पुन्हा हलवले, की आयोडीनचे आयोडाइड होऊन ते पाण्यात उतरते आणि रंग जातो. द्रव तेच, थर तेच. बदलले ते पदार्थाचे रूप. रॉकेल-पाण्याचा प्रयोग जरूर ठेवावा, पण धड्याची सुरुवात म्हणून.