निष्कलंकांची गर्दी

जुलै २०२५मध्ये ‘वूचांग: फॉलन फेदर्स’ बाजारात आला आणि महिना उलटायच्या आत त्यातली मेलेली माणसं जिवंत झाली. चेंगडूच्या लीनझी स्टुडिओचा हा गेम मिंग राजवटीच्या पडत्या काळात, आजच्या सिचुआनच्या मुलखात घडतो. नायिका वूचांग वाटेत आडव्या येणाऱ्यांना ठार करत पुढे सरकते आणि त्यांच्यात मिंगच्या बाजूने लढणारे काही सेनानीही होते. चीनमधले खेळाडू खवळले. आमच्या वीरांना आमच्याच हातून का मारवता, असा त्यांचा सवाल. ऑगस्टमध्ये स्टुडिओने गेममध्ये बदल करणारा पॅच काढला. आता ते सेनानी हरतात, पण मरत नाहीत, थकून बसतात. काही जण तर अंगावर येईनासेच झाले.

वूचांग काही थोर गेम नव्हे. एरवी त्याच्यावर मी चार ओळींपलीकडे लिहिलं नसतं. पण एखाद्या पात्राने केलेली हत्या लोकांच्या रागापायी पुसून टाकायची, हा प्रकार मला सहन झाला नाही. व्हिडिओ गेममधला चिनी माणूस कसा असावा, याचा जो कल गेली काही वर्षं तयार होतो आहे, तो या एका पॅचमध्ये उघडा पडला. तो शूर असावा, देखणा असावा, त्याच्या अंगावर हजार वर्षांची कारागिरी असावी आणि त्याच्या हातून काहीही वावगं घडू नये. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. या माध्यमात जी चिनी माणसं मनातून जात नाहीत, त्यांतल्या बहुतेकांच्या हातून काहीतरी वाईट घडलेलं आहे.

चुन-लीपासून सुरुवात करायची रीत आहे, म्हणून तिचं आधी आटपतो. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मधली ही इंटरपोलची अधिकारी बापाच्या खुन्याच्या शोधात आहे. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी टाकून वाढलेल्या पिढीला तिचे केसांचे दोन अंबाडे, मनगटातली काटेरी कडी आणि न दिसण्याइतक्या वेगाने चालणाऱ्या लाथा आजही आठवतात. कॅपकॉमच्या जपानी चित्रकारांनी घडवलेली ती एक अप्रतिम आकृती आहे. आकृती आहे, बाई नाही. पस्तीस वर्षांत तिने एकही असा निर्णय घेतला नाही की ज्याचा तिला पश्चात्ताप व्हावा. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधला ल्यू कांग, ‘टेकन’मधला जॅकी चॅनच्या वळणावर बेतलेला लेई वुलाँग, ‘ओव्हरवॉच’मधली मेई, ही सगळी त्याच पंगतीतली. कोएईच्या ‘डायनेस्टी वॉरियर्स’ने तर लू बूसारखा माणूस वाया घालवला. गेममागच्या जुन्या चिनी कादंबरीत दोन मानलेल्या बापांचा जीव घेणारा हा विश्वासघातकी योद्धा गेममध्ये केवळ न हरणारा राक्षस होऊन उभा राहतो. त्याच्यापासून पळायचं, एवढंच आपलं त्याच्याशी नातं.

आता ज्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे त्यांच्याकडे वळतो. यात तैवानचे गेम बरेच आहेत. त्यांना चिनी म्हणावं का, हा वाद खरा आहे आणि तो राजकारणाचा आहे. इथे मी चिनी भाषेत बोलणारी, भांडणारी, देवापुढे उदबत्ती लावणारी माणसं एवढाच अर्थ धरतो आहे.

१९९५ साली तैवानच्या सॉफ्टस्टार कंपनीने ‘श्येनच्येन’ काढला. तलवार आणि अप्सरांची ही कथा डॉसवर चालत असे. याओ च्वांगश्येन यांनी घडवलेला तिचा नायक ली श्याओयाओ हा काकूच्या खाणावळीत राहणारा, कामाचा आळस करणारा, तलवारबाजीची स्वप्नं बघणारा पोरगा आहे. आजारी काकूसाठी औषध आणायला तो एका बेटावर जातो, तिथे आंघोळ करणाऱ्या लिंगअर या मुलीला चोरून पाहतो, आणि तिच्याशी त्याचं लग्नही लागतं. मग औषधाच्या अमलाखाली तो ते सगळं विसरून जातो. पुढे एका धनिकाची मुलगी, लिन युएरू, वर निवडण्यासाठी कुस्तीसारखा सामना ठेवते आणि हा त्यात हुंदडत शिरून जिंकतो. दोन मुली त्याच्या आयुष्यात येतात आणि दोघीही त्याच्यादेखत मरतात. खेळाडूने कितीही पातळ्या चढवल्या, कितीही चांगली तलवार मिळवली, तरी त्या वाचत नाहीत. तलवार चालवणाऱ्या शेकडो नायकांच्या गर्दीत हा पोरगा चिनी भाषकांच्या एका अख्ख्या पिढीला घरच्यासारखा वाटला, तो त्याच्या पराक्रमामुळे वाटला नाही. उनाडपणा केला, वेळेवर कळलं नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, ही त्याची गोष्ट आहे.

याच वाटेवर वीस-बावीस वर्षांनी रेड कँडल गेम्स ही तैवानची छोटी मंडळी आली. त्यांच्या २०१७च्या ‘डिटेन्शन’मध्ये १९६०च्या दशकातली मार्शल लॉची शाळा आहे. तिथे बंदी घातलेली पुस्तकं वाचणारा एक गुप्त गट चालतो. फांग रेशिन ही विद्यार्थिनी तिच्या आवडत्या शिक्षकावर जीव लावून बसलेली असते. दुसरी शिक्षिका आपल्या आड येते आहे असं वाटून ती त्या गटाची यादी लष्करी प्रशिक्षकाच्या हाती देते. माणसं तुरुंगात जातात, मरतात. हे सगळं आपल्याला उशिरा कळतं. तोवर आपण भुतांनी भरलेल्या शाळेत हिचाच हात धरून चाललेलो असतो, तिच्यासाठी घाबरलेलो असतो. शेवटी तिची सावलीच तिला प्रश्न विचारते आणि उत्तरं आपण द्यायची असतात. तू हे केलंस की नाही? खोटं बोललं तर ती त्याच फेऱ्यात अडकते. खरं बोललं तर तिच्या नावावरचं पाप तसंच राहतं, पण गोष्ट पुढे सरकते. कबुलीजबाब देण्याची ही क्रिया खेळाडूच्या बोटावर ठेवणं सिनेमाला जमणार नाही, कादंबरीलाही नाही. २०१९मध्ये याच कथेवर चित्रपट आला, तो चांगलाही आहे, पण तिथे आपण साक्षीदार असतो.

आणि त्यांचाच ‘डिव्होशन’. १९८०च्या दशकातलं तैपेईतलं एक लहानसं घर: बसायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. दू फेंगयू हा पटकथा लिहिणारा माणूस, त्याची एकेकाळी पडद्यावर चमकलेली बायको गोंग लीफांग, आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गाणारी मुलगी मेइशिन. १९८०, १९८५, १९८६ अशी त्याच घरात आपली ये-जा चालू राहते. त्याच खोल्या, फक्त भिंती कळकट होत जातात आणि सामान बदलत जातं. बापाचं लिखाण खपत नाही. बायकोने पुन्हा काम करावं हे त्याला पटत नाही. मुलीला मनाच्या ताणाने श्वास लागतो. डॉक्टर मनाचा उपचार सुचवतो आणि बापाला ती बेअब्रू वाटते. मग तो एका बुवीच्या नादी लागतो. मुलगी बरी व्हावी म्हणून तिला साप घातलेल्या मद्याने भरलेल्या टबात ठेवतो. देवीवर श्रद्धा ठेवून.

फेंगयू राक्षस असता तर हा गेम विसरायला सोपा गेला असता. तो मुलीला कागदाची फुलं करायला शिकवतो, तिच्या गाण्यावर खूश होतो, तिच्यावर त्याचं मनापासून प्रेम आहे. हे सगळं आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो, त्याच्याच हातांनी दारं उघडतो. मराठी वाचकाला इथे घाशीराम आठवला पाहिजे. १९७२च्या त्या नाटकात पोटची पोर पणाला लावणारा बाप होता, आणि नाटकावर आरोप मात्र इतिहासपुरुषाच्या बदनामीचा आला. ‘डिव्होशन’चंही असंच झालं. फेब्रुवारी २०१९मध्ये गेम निघाला आणि भिंतीवरच्या एका चित्रात चीनच्या राष्ट्राध्यक्षांची थट्टा सापडल्यावर काही दिवसांत विक्रीवरून उतरला. दोन वर्षांनी रेड कँडलने तो स्वतःच्या दुकानातून परत आणला. त्या दोन वर्षांत बोलणं झालं ते चित्राबद्दल. फेंगयूबद्दल कुणी बोललं नाही.

सगळंच इतकं काळोखं असावं लागत नाही. २०१८च्या ‘चायनीज पेरेंट्स’मध्ये आपण जन्मापासून विद्यापीठप्रवेशाच्या गाओकाओ परीक्षेपर्यंत एक मूल वाढवतो. सणाला नातेवाईक लाल पाकीट पुढे करतात आणि ते घेण्याचा एक छोटा खेळ आहे: आधी नको म्हणायचं, पाकीट मागे सारायचं, ते पुन्हा पुढे येतं, मग पुन्हा सारायचं आणि नेमक्या क्षणी घ्यायचं. फार ताणलं तर पैसे गेले, झटकन घेतलं तर हावरट ठरलो. दिवाळीला काकूने हातात कोंबलेली नोट ज्याने आईकडे बघत नाकारली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. आणि परीक्षा झाली, लग्न झालं, की आपणच आईबाप होतो आणि लहानपणी जे सोसलं तेच पुढच्या पोरावर लादू लागतो. या पात्रांना धड नावंही नाहीत, तरी ती ओळखीची वाटतात.

हाँगकाँगच्या ‘स्लीपिंग डॉग्ज’ला (२०१२) कॅनडातल्या लोकांनी बनवलं म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांना मी वेई शेनकडे बघायला सांगेन. टोळीत घुसलेला हा पोलिस कोणाशी इमान राखायचं हे विसरत जातो. बालमित्र जॅकी माला त्याने या धंद्यातून वेळेवर बाहेर काढलं नाही, हे ओझं त्याच्या खांद्यावरून उतरत नाही. पात्र कुणाच्या मातीतलं आहे याच्याइतकंच त्याला चुकायची मुभा आहे का, हेही महत्त्वाचं. ‘गेनशिन इम्पॅक्ट’मध्ये ती मुभा नाही आणि असणारही नाही. झोंगली असो वा हू ताओ, तिथलं प्रत्येक पात्र सोडतीत विकायचं असतं, आणि विकायच्या वस्तूवर डाग चालत नाही. युन जिनच्या गळ्यातून पेकिंग ऑपेराचा सूर जगभर पोचला, याचं मोल मी मानतो. पण सूर पोचला म्हणून युन जिन ही व्यक्ती उभी राहिली असं होत नाही.

मग ‘ब्लॅक मिथ: वूकाँग’. ऑगस्ट २०२४मध्ये आला, तीन दिवसांत १ कोटी प्रती गेल्या, आणि चिनी गेमने जग जिंकलं असा जल्लोष झाला. शान्शीतली मंदिरं त्यात ज्या बारकाईने उतरली आहेत, त्याने डोळे दिपतात हे खरंच. पण नायक एक शब्द बोलत नाही. तो चालतो, मारतो, पुढे जातो. या गेममध्ये मनात राहतात ती दुसरीच माणसं. काषाय वस्त्राच्या लोभापायी पाहुण्यांसकट मठ पेटवायला निघालेला म्हातारा महंत जिंची. वाळवंटात धडावर डोकं नसताना तंतुवाद्य छेडत उत्तर शाआन्शीतल्या कथेकऱ्यासारखा गाणारा तो भिक्षू. आणि सगळ्यांत जास्त झू बाजिए, ज्याने एका कोळी-राक्षसिणीवरचं जुनं प्रेम विसरल्याचं सोंग घेतलं आहे. चौथ्या अध्यायात ते सोंग गळून पडतं तेव्हा डुकराच्या त्या थोराड चेहऱ्यावर जी लाज दिसते, ती अख्ख्या गेममधल्या दगडी कोरीवकामापेक्षा मोलाची आहे. ज्या यात्रेवर या गेममागची जुनी चिनी कादंबरी रचली गेली, तिचा खरा यात्रिक ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथल्या लोकांबद्दल लिहून गेला. पण कादंबरीने जपले ते त्याचे हट्टी, खादाड, भांडखोर शिष्य. चारशे वर्षं वाचक त्यांच्यासाठीच परत येतो आहे.

गेम बनवणाऱ्यांना हे कळलेलं आहे. नेहमीच्या वाटेने शेवट गाठला तर नायकाच्या डोक्यावर सोन्याचं कडं चढतं, तेच कादंबरीतल्या वानर वूकाँगला वठणीवर ठेवणारं कडं. आडवाटेच्या मेइशानवर जाऊन अर्लांग देवाला हरवलं तर वूकाँगच्या आठवणी मिळतात आणि कडं टळतं. आज्ञाधारक वीर म्हणजे कैदी, असं हा गेम स्पष्ट म्हणतो. त्याच्याच जयघोषात नाचणारे लोक मात्र दुसऱ्याच वर्षी वूचांगच्या डोक्यावर कडं चढवायला धावले.

त्यांचा राग कुठून येतो हे मी जाणतो. वर्षानुवर्षं परक्यांच्या गेममध्ये चिनी माणूस म्हणजे मिशा पिळणारा जादूगार नाही तर मठातला लढवय्या. त्यात २००० ते २०१४ चीनमध्ये कन्सोल विकायलाच बंदी. मोठ्या पडद्यावर आपली गोष्ट सांगायची संधी आत्ता कुठे मिळाली, तर ती चांगलीच दिसावी, असं वाटणं स्वाभाविक आहे. आपल्याकडेही तेच आहे. पुण्यात घडलेला ‘राजी’ (२०२०) दिसायला सुरेख आहे. भावाला शोधणारी ती पोर शूर आहे, निर्मळ आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल भांडावं असं काही हाती लागत नाही. मराठी वाचकाने धर्मराजाला कधी जवळ केलं नाही. कर्णाला केलं, द्यूतसभेत तो काय बोलला ते ठाऊक असताना केलं.

म्हणून अपमानाची भरपाई गौरवाने होते, हा हिशेब मला मान्य नाही. मिशा पिळणारा खलनायक आणि डाग नसलेला वीर, दोघांनाही निवड नसते. एकाच्या वतीने परक्यांनी ठरवलेलं असतं, दुसऱ्याच्या वतीने आपल्यांनी. फांग रेशिनला निवड होती आणि तिने ती वाईट केली. तैवानमधल्या कुणीही आमच्या पोरींची बदनामी झाली म्हणून तिच्या हातातली यादी काढून घ्यायला लावली नाही, यासाठी त्या समाजाला मी दाद देतो. लीनझी स्टुडिओने ती पाठराखण मागायला हवी होती आणि चिनी समीक्षकांनी ती द्यायला हवी होती. मेलेला सेनानी मेलेलाच ठेवायचा होता आणि वूचांगला त्याच्या विधवेसमोर उभं करायचं होतं. मग तो गेम थोर झाला असता की नाही कोण जाणे, पण वूचांग कोण हे तरी आज आपल्याला सांगता आलं असतं.

गेम सायन्सने ऑगस्ट २०२५मध्ये पुढचा गेम जाहीर केला तो झोंग क्वेवर. भुतांचा कर्दनकाळ म्हणून तो दारावर रंगवला जातो. पण आख्यायिकेतला झोंग क्वे आधी एक कुरूप विद्वान आहे. परीक्षेत पहिला येऊनही चेहऱ्यामुळे त्याचा मान नाकारला गेला आणि त्याने राजवाड्याच्या पायऱ्यांवर डोकं आपटून जीव दिला. दाढी आणि तलवार उत्तम होणार, याची मला खात्री आहे. त्या स्टुडिओने यावेळी नायकाला बोलू द्यावं. पायऱ्यांवर काय झालं ते त्याच्या तोंडून यावं, राजाला त्याने कोणत्या शिव्या घातल्या त्यासकट. आणि उद्या कुणी म्हणालं की आमच्या दारावरच्या देवाने आत्महत्या केलेली दाखवू नका, तर पॅच काढू नये.