अरबीतील विशेषणाची जुळणी : 'मोठी मशीद' या पदबंधाच्या आधारे

पिपलानी ही भोपाळमधील भेलची वसाहत. येथील मराठी घरातील विद्यार्थी अरबी शिकू लागतो, तेव्हा मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांच्या सवयी बरोबर आणतो. त्याला प्रथम सांगितले जाते ते एवढेच, की अरबीत विशेषण नामानंतर येते. हा नियम चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे.

'मोठी मशीद' हेच उदाहरण पाहावे. मराठीत 'मशीद' व हिंदीत 'मस्जिद' हे शब्द स्त्रीलिंगी आहेत. त्यामुळे विद्यार्थी केवळ क्रम बदलून 'मस्जिदुन कबीरतुन' असे लिहितो. अरबीत 'मस्जिद' पुल्लिंगी असल्याने 'मस्जिदुन कबीरुन' हे रूप शुद्ध ठरते. मात्र अनेकवचनी 'मसाजिद'बरोबर 'कबीरतुन' हेच रूप येते. कारण मानवेतर अनेकवचनाला अरबीत सामान्यतः स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण लागते. एकवचनात चुकलेले रूप अनेकवचनात बरोबर ठरते, याचा उलगडा क्रमाच्या नियमातून होत नाही.

मुरक्कबे तौसीफीत सिफत ही मौसूफाशी लिंग, वचन, विभक्ती आणि निश्चितता या चार बाबतींत जुळते. यांपैकी पहिल्या दोन मराठीतील विकारी विशेषणांना परिचित आहेत. विभक्तीची ओळख अर्धवट आहे. 'मोठ्या मशिदीत' म्हणताना विशेषण केवळ सामान्यरूप घेते, प्रत्यय नामालाच लागतो. चौथी बाब मराठीत नाही आणि अर्थभेद नेमका तेथेच होतो. 'अल्-मस्जिदुल कबीरु' म्हणजे 'ती मोठी मशीद'. 'अल्-मस्जिदु कबीरुन' म्हणजे 'मशीद मोठी आहे'. दुसऱ्या शब्दातील 'अल्' गेला की पदबंधाचे वाक्य होते, सिफतीची खबर होते. मराठीत हे काम बहुधा 'आहे' करते; अरबीच्या अशा वाक्यात 'आहे'साठी शब्दच नसतो.

इज़ाफतीत ही जुळणी अधिक उपयोगी पडते. शाहजहान बेगम (कारकीर्द 1868–1901) यांनी आरंभिलेल्या आणि 1985 मध्ये पूर्ण झालेल्या भोपाळच्या ताजुल मसाजिदचे नाव 'मशिदींचा मुकुट' अशा अर्थाचे आहे. यात विशेषण नाही. ते जोडायचे झाल्यास शेवटीच येईल. मग मोठे कोण, मुकुट की मशिदी? 'ताजुल मसाजिदिल कबीरु' म्हटल्यास मुकुट मोठा, 'ताजुल मसाजिदिल कबीरति' म्हटल्यास मशिदी मोठ्या. जागा दोन्हीकडे तीच. निर्णय लिंग व विभक्ती देतात.

या नियमालाही सीमा आहे. कुदसिया बेगम यांनी बांधवलेली भोपाळची मशीद 'जामा मस्जिद' म्हणून ओळखली जाते. अरबीत 'अल्-मस्जिदुल जामिउ' ही सरळ तौसीफी रचना आहे. परंतु 'मस्जिदुल जामिइ' अशी इज़ाफतही आढळते. नामाची त्याच्याच विशेषणाशी इज़ाफत कूफी वैयाकरणांनी मान्य केली. बसरी परंपरेने ती नाकारून मध्ये 'स्थळ' अशा अर्थाचा शब्द अध्याहृत धरला, म्हणजे 'एकत्र आणणाऱ्या स्थळाची मशीद'. प्राचीन वैयाकरणांत जेथे मतभेद होता, तेथे पाठ्यपुस्तकाने एका ओळीत निकाल देणे योग्य नव्हे.

सारांश, क्रमाचा नियम पहिल्या दिवसापुरता ठीक आहे. त्यावरच थांबलेला विद्यार्थी प्रश्नपत्रिकेतील रिकाम्या जागा भरू शकेल. परंतु स्वरचिन्हांविना छापलेल्या अरबी मजकुरात पदबंध कोठे संपतो आणि वाक्य कोठे सुरू होते, हे त्याला ओळखता येणार नाही. म्हणून अध्यापकांनी पहिल्या आठवड्यातच 'अल्'सह आणि 'अल्'विना अशा जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात.