क्रिस्तपुराणाला न दिलेले अवधान

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव निघाले की आपण एकच गोष्ट सांगतो: या इंग्रज जेझुइटाने मराठीची थोरवी गायिली. त्या चार-दोन ओव्या भाषणांतून, पाठ्यपुस्तकांतून फिरत असतात. 'क्रिस्तपुराण' मात्र दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे, आणि ते ज्यासाठी रचले त्या ख्रिस्ताच्या क्लेशभोगापर्यंत आपल्यातले फार थोडे पोचतात. आपले कौतुक तेवढे ऐकून आपण मध्येच उठून गेलो.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. हे पुराण १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापले गेले. श्रोत्यांनी प्रश्न विचारावा, पाद्रीगुरूने उत्तर द्यावे, ही मांडणी आपल्या पुराणिकाचीच. आणि पुराणिक आधी काय मागतो? अवधान. गेथसेमनीच्या बागेत येशूही तेवढेच मागतो. घटकाभर जागे राहा, इतकेच. आणि तिघे शिष्य निजतात. चाबूक, काट्यांचा मुकुट, खिळे यांनी काळीज हलते खरे. पण मला या कथेचे मर्म त्या झोपेत वाटते. शिष्यांच्या मनात द्वेष नव्हता. डोळे जड झाले होते, एवढेच.

आमच्या पेडण्याकडे दशावतारात हरिश्चंद्र स्मशानात उभा राहिला की देवळापुढचे सारे प्रेक्षक त्याच्या बाजूचे होतात. इथे तो दिलासा नाही. श्रोत्याला जागा मिळते ती निजलेल्यांत, कोंबडा आरवण्याआधी ओळख नाकारणाऱ्या पेत्रापाशी, हात धुणाऱ्या पिलाताशेजारी. आत्मनिंदेचे अभंग आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण कथेनेच श्रोत्याला अपराध्यांच्या रांगेत बसवावे, हे मराठी ओवीत विरळा.

आता अडचणीचे बोलू. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. त्याच सुमारास मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. आत्मार्पणाची ही कथा ज्या सत्तेच्या सावलीत वाचली गेली, तिचा हात पिलाताच्या हाताहून स्वच्छ नव्हता. जुनी पुराणे बंद केलीत, आता त्यांच्या जागी दुसरे काही द्या, असे आरंभी एक श्रोताच म्हणतो. कवीने हे बोल नोंदवले, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण जे हिरावले गेले त्याबद्दल तो हळहळत नाही. बागेतली झोप इथे कवीलाही लागली, असे मी म्हणेन.

धारगळात बसून हे लिहिणे मला थोडे सोपे जाते. पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते १७८८ साली. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. जुन्या काबिजादींतली जखम आमच्या वाट्याला आली नाही, आणि हे पुराणही आमच्या देवळांच्या सभामंडपांत कधी पोचले नाही. त्यामुळे राग नाही म्हणून आपण ते वाचले, असेही झाले नाही.

शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली त्याची देवनागरी आवृत्ती काढली. ती मिळाली तर दुसऱ्या पुराणातल्या बागेच्या प्रसंगापासून आरंभ करावा. भाषेच्या थोरवीच्या ओव्या मागाहून वाचल्या तरी चालतील.