‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ : प्रोग्रॅमरच्या कार्याविषयीच्या एका उपपत्तीचे परीक्षण

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्रोग्रॅमिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग’ या निबंधात असे प्रतिपादिले आहे की, आज्ञावलीची लिखित संहिता हे प्रोग्रॅमरच्या कार्याचे मुख्य फळ नव्हे. ज्या व्यवहारासाठी आज्ञावली रचावयाची, त्या व्यवहाराविषयी त्याच्या मनात सिद्ध झालेली उपपत्ती हेच ते फळ होय. ती उपपत्ती जाणणारी मंडळी पांगली, की संहिता शाबूत असूनही आज्ञावली मृत होते. हे मत मराठीच्या एका उदाहरणावर पारखून पाहणे उद्बोधक ठरेल.

लोणावळ्याभोवतीचा मावळ हा दऱ्याखोऱ्यांचा प्रदेश. ‘दरी’चे अनेकवचन ‘दऱ्या’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. दुसऱ्या शब्दात ‘द’वर आघात येतो, पहिल्यात येत नाही. युनिकोडमध्ये पहिल्या शब्दातील रकार दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्तचिन्ह जोडून, अथवा साध्या ‘र’ला हलन्तचिन्ह व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच. यंत्रास मात्र भिन्न. त्यामुळे विशेष तरतूद नसल्यास ‘लोहगडाच्या पायऱ्या’ ही एका रूपात साठविलेली नोंद दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्यास सापडत नाही. अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून कोणी गाळले, तर मावळातील दऱ्यांचा दर्या होतो. आणि आज्ञावली कोठेही अडखळत नाही.

वर्णक्रमाचेही तसेच. संकेतांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगोलग येतो, मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर. संकेतांकांवरच विसंबल्यास ‘मावळ’ हा शब्द ‘मावशी’च्या आधी लागतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला प्रमाणित केली. पण शासननिर्णय आपोआप यंत्रात उतरत नाही.

येथवर नाउर यथार्थ ठरतात : दोष संहितेत नाही, समजुतीत आहे. परंतु त्यांच्या विवेचनात या समजुतीचे अधिष्ठान प्रोग्रॅमरचे मन हे आहे. प्रस्तुत भेदाचे ज्ञान मात्र भाषकसमाजाच्या ठायी असते. गिल्बर्ट राइल यांच्या ज्या विचाराचा नाउर आधार घेतात, त्यानुसार उपपत्ती जाणणे म्हणजे केवळ कृती करता येणे नव्हे, तर तिचे समर्थन करता येणे. मराठी भाषकास ‘दऱ्या’ बिनचूक उच्चारता येते, कारण सांगता येतेच असे नाही. वैयाकरण कारण सांगतो, पण यंत्र रचीत नाही. या दोहोंस जोडणे हे प्रोग्रॅमरचे कार्य होय.

लिखित टिपणांना नाउर देतात ते गौण स्थानही मान्य करता येत नाही. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. कर्त्याच्या पश्चात त्यातील उपपत्ती आजही अभ्यासकास लाभते. तेव्हा अदृश्य चिन्ह का राखले, हे पुढील माणसासाठी लिहून ठेवणे हा प्रोग्रॅमरच्या कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे. त्यावाचून ‘दऱ्या’ची शुद्धता एका व्यक्तीच्या स्मृतीवर अवलंबून राहील.