ठेका धरतो कोण?

आत्ता पडद्यावर आपण ज्यांना ऐकलं ते व्हँसाँ कुर्त्वा यांचं त्रिकूट. कुर्त्वा फ्रान्सचे, चेलो वाजवतात. डॅनियल एर्डमान जर्मनीचे, रॉबिन फिंकर फ्रान्सचे. दोघंही टेनर सॅक्सोफोन वाजवणारे, फिंकर क्लॅरिनेटही घेतात. ड्रम नाही, बास नाही, पियानो नाही. जॅझमध्ये ठेका आणि आधार जे देतात, तेच नेमके गैरहजर. मग ठेका धरतो कोण?

सोपं उत्तर म्हणजे चेलो. बोटांनी तारा छेडल्या की तो बासचं काम करतो. पण गज फिरला की तोच गाऊ लागतो, आणि खालचा आधार सुटतो. त्यातून चेलो आणि टेनर सॅक्सोफोन यांचा स्वरांचा पल्ला बराचसा एकच. एकानं जागा दिली तरच दुसऱ्याला हलता येतं. या रचनेचं सौंदर्य यात आहे आणि दोषही यातच. तिघं एकदम भरात आले की आवाज दाटतो, कोणाचं काय ते कळेनासं होतं. हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

आल्फ्रेड शुट्झ यांनी १९५१ साली एकत्र वादनावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, एकत्र वाजवणारे घड्याळाच्या काळात नव्हे, तर एकमेकांच्या आतल्या काळात राहतात. समोरासमोर बसलेल्या थोड्या माणसांना हे साधतं, माणसं वाढली की संचालक लागतो. हा निबंध आम्ही वर्षानुवर्षं शिकवला आणि उदाहरण मात्र ऑर्केस्ट्राचं देत राहिलो. चुकलंच आमचं. उदाहरण हे असायला हवं होतं. इथे ठेका कोणा एकाकडे नाहीच, तो तिघांच्या मध्ये आहे.

म्हणूनच मैफलींच्या चित्रणाबद्दल एक तक्रार. जो वाजवतो त्याच्या बोटांशी जायचं, ही कॅमेऱ्याची सवय. पण जो थांबलाय तो कुठे पाहतोय, श्वास कधी भरतोय, हे दिसलं नाही तर मधला ठेका दिसणार कसा? तिघं एका चौकटीत असतात तेव्हाच तो कळतो.

जॅक लंडनच्या साहित्यावरून या त्रिकुटानं ‘लव्ह ऑफ लाइफ’ हा अल्बम केला. १९०५च्या त्या नावाच्या कथेत एक उपाशी माणूस आणि एक आजारी लांडगा एकमेकांच्या मरणाची वाट पाहतात. तिथेही दोघांचं सगळं लक्ष दुसऱ्यावर, पण दुसरा संपावा म्हणून. इथे ते दुसऱ्याचं चालू राहावं म्हणून. समोरच्याचं बोलणं कधी संपतंय याची वाट बघण्यालाच आम्ही प्राध्यापक मंडळी ‘ऐकणं’ म्हणत आलो, हे या वयात कबूल करायला हरकत नाही.

पुन्हा पाहाल तेव्हा जो वाजवत नाही त्याच्याकडे पाहा. आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.